बासष्ट घोड्यांची मालकीण

*अमेरिकन मसल कार घ्यायची तर खिसाही अमेरिकन हवा. आपल्या खिशाला परवडेल अशी अमेरिकन वंशाची दणकट गाडी एकच, जुनी जीप! पण सेकंडहँड जीप घेताना बघायचं काय, विचारायचं काय आणि पाय मागे कधी घ्यायचा? नगर जिल्ह्यात तीन महिने धूळ खाऊन आणि आरटीओचे फॉर्म पाठ करून सांगतेय…*

‘फास्ट अँड फ्युरिअस’मधली ती काळीकुट्ट डॉज चार्जर आठवतेय ना? १९७० चं मॉडेल, बॉनेट फाडून बाहेर डोकावणारं इंजिन आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पुढची चाकं हवेत! सिनेमा आला २००१ मध्ये. तेव्हा आपण बालवाडीत होतो. पण पुढे टीव्हीवर, मग हॉस्टेलच्या लॅपटॉपवर त्याची इतकी पारायणं झाली, की पहिला पगार हातात पडल्यावर निम्म्या पोरांनी मनातल्या मनात चार्जर किंवा मस्टँग बुक केली होती. पोरांनीच कशाला? मी पण!

मसल कार म्हणजे अमेरिकेची खास कमाई. मध्यम आकाराची दोन दारांची गाडी घ्यायची आणि तिच्या पोटात भलंमोठं व्ही-८ इंजिन बसवायचं, हा त्यामागचा साधा फंडा. १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओपासून ही क्रेझ खऱ्या अर्थानं सुरू झाली, असं मानतात. तिथला कॉलेजचा पोरगा आजही गावातल्या कुणाच्या तरी शेडमधली जुनी कॅमॅरो स्वस्तात उचलतो आणि वर्षभर तिच्याखाली झोपून तिला धावती करतो. वाचलं की हेवा वाटतो. मग आपण काय करायचं? ऑफिसच्या पार्किंगमधल्या पांढऱ्या हॅचबॅकच्या रांगेत अजून एक पांढरी हॅचबॅक उभी करायची?

स्वप्नाला लागला स्पीडब्रेकर

आधी कायद्याचं बोलू. परदेशातून वापरलेली गाडी भारतात आणायची तर नेहमीच्या नियमानुसार ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. स्टिअरिंग उजवीकडे हवं आणि गाडी उतरवायची ती मुंबई बंदरातच. वर ड्युटी एवढी, की त्या पैशात दुसरी गाडी यावी. अमेरिकन गाड्यांची स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे निम्मी यादी इथंच खलास. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ पासून विंटेजची वेगळी नोंदणी आहे, नंबरप्लेटवर ‘व्हीए’ अक्षरं असलेली. पण ती गाडी रोज ऑफिसला न्यायची परवानगी नाही. रॅलीला न्या, प्रदर्शनात ठेवा, नाहीतर घरी पुसत बसा.

राहिली मस्टँग. फोर्डनं ती २०१६ मध्ये उजव्या स्टिअरिंगसह भारतात आणली. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, जवळपास ४०० हॉर्सपॉवर आणि शोरूमची किंमत ६५ लाख! मुंबई-पुण्यात सेकंडहँड मस्टँग आजही विकायला निघतात. पण माझ्यासारख्या फ्रीलान्सरचं वर्षभराचं उत्पन्न आणि तिच्या टायरचा सेट यांची तुलना न केलेलीच बरी.

माझं बजेट होतं चार लाख. फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी चार वर्षं साठवलेले. त्यामुळे घरी जीपचा विषय काढला तेव्हा बाबांनी पेपर खाली न घेता एवढंच विचारलं, ‘‘जीपला टू बीएचके असतो का गं?’’ आईचा मुद्दा वेगळा होता. तिच्या मते स्थळ बघायला येणाऱ्यांना दारात जीप दिसली तर ते आत न येताच परत जातील. मी म्हटलं, मग तर घ्यायलाच हवी!

नगरची मसल कार

मी मूळची सावेडीची. नगरच्या पोराला जीपचं कौतुक शिकवावं लागत नाही. आर्मर्ड कोअरचं सेंटर आणि स्कूल इथं, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं सेंटर इथं, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथं. शहराचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण रस्त्यावरचा हिरवा रंग तोच आहे. शाळेची पहिली सहल टँक म्युझियमला, त्यामुळे इथल्या पोरांना पॅटन आणि विजयंता यांच्यातला फरक पाढ्यांच्या आधी कळतो. लष्कराबाहेर बघाल तर साखर कारखान्याच्या चेअरमनची जीप, वन खात्याची जीप, तहसीलदाराची जीप आणि मागे लटकून प्रवास केलेली काळी-पिवळी जीप. आपल्या जिल्ह्यात सत्ता आणि गर्दी, दोन्ही जीपमधूनच फिरल्या.

या जीपचं कूळ थेट अमेरिकेचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराला हलकी, कुठंही घुसणारी गाडी हवी होती. त्यातून १९४१ मध्ये विलीज एमबी ही जीप आली. फोर्डनंही तीच गाडी बनवली आणि दोघांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीपा रस्त्यावर आणल्या. रस्त्यावर म्हणजे खरं तर जिथं रस्ते नव्हते तिथं! स्वातंत्र्याच्या सुमाराला महिंद्रांनी विलीजचे सुटे भाग मागवून मुंबईत जीप जुळवायला सुरुवात केली. पुढे लायसन्स घेऊन इथंच बनवली. अमेरिकेत सीजे-३बी हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झालं, पण आपल्याकडे तोच सांगाडा नवी नावं घेत कितीतरी वर्षं धावत राहिला. १९८० च्या दशकात आलेली एमएम ५४० ही त्याच घराण्यातली. हाडं अमेरिकन, इंजिन फ्रेंच प्यूजोचं डिझेल आणि चालवणारा नगरचा कांदेवाला. ग्लोबलायझेशन अजून काय असतं?

आणि ताकद म्हणाल तर एक गोष्ट नगरच्या पोरांनी विसरायची नाही. सप्टेंबर १९६५, पंजाबातलं खेमकरण. पाकिस्तानकडे अमेरिकन पॅटन रणगाडे आणि समोर हवालदार अब्दुल हमीद. त्यांच्याकडे काय होतं? जीपवर बसवलेली रिकॉइललेस गन. एका जीपनं अख्ख्या रणगाड्यांच्या नाकी नऊ आणले. अब्दुल हमीद यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. टँक म्युझियममधल्या पॅटनपुढं सेल्फी काढताना त्या जीपचीही आठवण काढा.

अजून एक मजा. २०१८ मध्ये महिंद्रानं ‘रॉक्सर’ नावाची जीपसारखी गाडी थेट अमेरिकेत विकायला काढली. जीप ब्रँडची तेव्हाची मालक कंपनी फियाट क्रायस्लर लगेच व्यापार आयोगाकडे धावली, की हा चेहरा आमचा आहे! २०२० मध्ये आयोगानं त्या डिझाइनला मनाई केली आणि महिंद्राला गाडीचं तोंड बदलावं लागलं. लेक सासरी सत्तर वर्षं नांदली आणि माहेरी गेल्यावर माहेरच्यांनी दारच लावून घेतलं, तशातली गत!

सरकारचाही सौदा फसला होता

जुनी जीप घेताना आपण एकटेच घाबरतो असं नाही. भारत सरकारनंही एकदा सेकंडहँड जीपांचा सौदा केला होता. १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी घाईनं जीपा हव्या होत्या. लंडनमधले आपले हायकमिशनर कृष्ण मेनन यांनी एका परदेशी कंपनीशी सुमारे ८० लाखांचा करार केला. बरेचसे पैसे आगाऊ दिले गेले. आल्या फक्त १५५ जीपा आणि त्याही लष्करानं ‘वापरायच्या लायकीच्या नाहीत’ म्हणून नाकारल्या. स्वतंत्र भारताचा हा पहिला गाजलेला घोटाळा. १९५५ मध्ये सरकारनं प्रकरण बंद केलं.

यातून आपण घ्यायचा धडा दोन ओळींचा. गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. आणि घाई असेल तर जीप घ्यायचीच नाही, कॅब बुक करायची!

दिसायला हिरो, कागदावर झिरो

पहिली जीप मला सापडली पुण्यात. लालभडक, जाडजूड टायर, पुढे विंच, वर आडवी दिव्यांची माळ. हरियाणातल्या मंडी डबवालीकडे मॉडिफाय केलेल्या जीपांचे व्हिडिओ फोनवर बघून बघून आपल्या डोळ्यांना जी सवय झालीय ना, अगदी तश्शी! विकणारा तरुण डीलर होता. भाव सव्वाचार लाख. ‘‘मॅडम, दोन पार्ट्या संध्याकाळी येतायत. पंचवीस हजार टोकन टाका, गाडी तुमची.’’

मी बरोबर नेलं होतं आमच्या नगरच्या चाचांना. चाळीस वर्षं जीपचं काम केलेला माणूस. त्यांनी ना स्टार्टर मारला, ना टायरला लाथ घातली. आधी आरसी मागितली. मग खिशातून पेन्सिल आणि पातळ कागद काढला, चेसिसवरच्या नंबरावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली आणि उजेडात धरला. आकडे वेडेवाकडे. दोन आकड्यांची उंची वेगळी. आजूबाजूचा पत्रा ग्राइंडरनं घासल्यासारखा गुळगुळीत आणि त्यावर ताजा काळा रंग. इंजिन नंबर तर आरसीशी जुळतच नव्हता. कागदावर रंग हिरवा, डोळ्यापुढं लाल.

‘‘इंजिन बदललंय, चढवायचं राहिलंय. एजंट करून देईल,’’ डीलर म्हणाला.

‘‘आधी चढव, मग बोलव,’’ चाचा म्हणाले आणि चालू लागले.

मला वाईट वाटलं का? प्रचंड! इतकी देखणी गाडी परत मिळणार नाही, असं शिरूर येईपर्यंत वाटत होतं. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीनं बनवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल गाडीत करायचे नाहीत आणि इंजिन बदलायचं तर परवानगी घेऊन आरसीवर नोंद करायची. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही या कलमाचा अर्थ कडक लावला. पुढचे लोखंडी बंपर गार्ड तर २०१७ च्या शेवटीच केंद्रानं बेकायदा ठरवले. आणि चेसिस नंबर खोडलेली गाडी म्हणजे चोरीचा माल असण्याचीच शक्यता जास्त. अशा गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करणार आणि पोलीस तुमचा हात धरणार.

‘मिलिटरीची जीप आहे’ ही दुसरी लोकप्रिय थाप. लष्कराच्या मोडीत काढलेल्या गाड्या खरोखर विकल्या जातात, एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून. पण मग लिलावाचे, गाडी सोडल्याचे कागद दाखवा ना! लिलावातल्या गाडीच्या नोंदीसाठी आरटीओचा फॉर्म ३२ लागतो. नुसत्या हिरव्या रंगावर आणि बाणाच्या नंबरच्या फोटोवर भुलायचं नाही.

चाचांची शाळा

त्यानंतर दीड महिन्यात आम्ही सात जीपा बघितल्या. राहुरी, नेवासा, पाथर्डी… करंजीच्या घाटात एक तर अशी बघितली, की तिची टेस्ट ड्राइव्ह उताराकडेच होत होती, चढाकडे मालक नेतच नव्हता! या फिरतीत चाचांनी जे शिकवलं, ते तुम्हालाही उपयोगी पडेल.

इंजिन गार हवं. आपण पोचायच्या आधीच मालकानं गाडी ‘जरा गरम करून’ ठेवली असेल तर समजायचं, सकाळी सुरू व्हायला तिचे नखरे आहेत. जुन्या डिझेलला आधी हीटर द्यावा लागतो. तो देऊन गार इंजिन एका दमात सुरू झालं तर अर्धी लढाई जिंकली. सुरुवातीला थोडा धूर चालेल, पण गरम झाल्यावरही निळा धूर येत राहिला तर इंजिन ऑइल पितंय. ऑइल भरायचं झाकण काढा. तिथून इंजिननं जोरात श्वास सोडला तर मोठा खर्च ठरलेला.

लोहचुंबक न्या. छोटं लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून बॉडीवर फिरवायचं. जिथं चिकटत नाही तिथं पत्रा नाही, पुट्टी आहे. बॉडी बदलता येते. खालची चेसिस मात्र बदलता येत नाही. गाडीखाली झोपा, पाटे जिथं चेसिसला बसतात तिथं बघा. वेल्डिंगचे जोड, तडे, पापुद्रे सुटलेला गंज दिसला की उठा, कपडे झटका आणि चहा पिऊन घरी या.

फोर व्हील डांबरावर तपासू नका. अशा जीपमध्ये पुढची आणि मागची चाकं फोर व्हीलमध्ये एकमेकांना बांधली जातात, मध्ये डिफरन्शियल नसतो. कडक रस्त्यावर वळवलं तर सगळा ताण गिअरवर येतो. नांगरलेलं रान किंवा नदीतली वाळू शोधा. छोटा लिव्हर लो रेंजला टाका, क्लच सोडा आणि अ‍ॅक्सिलरेटरला पायही लावू नका. जीप मुंगीच्या चालीनं, पण न थांबता चढली पाहिजे.

हात सोडून बघा. मोकळ्या, सपाट रस्त्यावर ३०-४० च्या वेगात स्टिअरिंग क्षणभर सैल धरा. गाडी एका बाजूला ओढते का? खड्ड्यातून गेल्यावर पुढची चाकं थरथरतात का? पॉवर स्टिअरिंग नाही, चारही चाकांना ड्रम ब्रेक. एबीएस, एअरबॅग वगैरे शब्द या गाडीपुढं उच्चारू पण नका, तिला राग येईल!

आजींची जीप

आठवी जीप पारनेर तालुक्यात निघाली, निघोजच्या पलीकडच्या एका वस्तीवर. एमएम ५४०, १९९२ ची, एमएच १६ नंबर. रंग उडालेला, हूड फाटलेलं आणि मागच्या सीटवर कांद्याची फोलपटं. मालक आर्मर्ड कोअरमधून रिटायर झालेले. नगरलाच नोकरी झालेली, त्यामुळे पेन्शनीला आल्यावर घेतली ती जीपच. तीस वर्षं तिच्यातून नेप्तीच्या मार्केटला कांदा गेला, पोरांची वऱ्हाडं गेली, गावातली बाळंतपणं गेली. २०२३ मध्ये ते वारले. तेव्हापासून जीप गोठ्याशेजारी उभी.

चाचांनी पेन्सिल घासली. प्रत्येक आकडा शाळेतल्या फळ्यावर लिहावा तसा सुबक. इंजिन नंबर जुळला. दर पाच वर्षांचं पासिंग झालेलं, पर्यावरण कर भरलेला, आरसी २०२७ पर्यंत जिवंत. एका पत्र्याच्या पेटीत पहिल्या दिवसापासूनच्या पावत्या फौजी शिस्तीनं लावलेल्या. बॅटरी बदलली, टाकीतलं जुनं डिझेल काढलं, हीटर दिला आणि दुसऱ्या झटक्याला जीप सुरू झाली. कोंबड्या पळाल्या. आजी ओसरीवरून उठून बाहेर आल्या आणि नुसत्या बघत राहिल्या.

भाव ठरला दोन लाख चाळीस हजार. अडचण एकच. आरसीवर नाव होतं हयात नसलेल्या माणसाचं.

इथं बहुतेक सौदे कसे होतात माहितीये? मागच्या तारखेचा ‘टीटी फॉर्म’, मयताची हुबेहूब सही आणि एजंटला पाच-सात हजार. एका भंगारवाल्यानं तर आजींना तेही नको म्हणून सांगितलं होतं. रोख एक लाख देतो, कागद राहू द्या! त्याला गाडी नको होती, लोखंड हवं होतं. किंवा तो चेसिस नंबर आणि ती आरसी, पुण्यातल्या एखाद्या लालभडक जीपसाठी.

सरळ मार्ग लांबचा होता. आधी फॉर्म ३१, म्हणजे मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावावर गाडी करणं. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, दोन्ही मुलांची प्रतिज्ञापत्रं आणि उशिराचा दंड. मग विमा. त्यानंतर नेहमीचे फॉर्म २९ आणि ३०, आजींकडून माझ्याकडे. थोरला मुलगा चाकणला कंपनीत, धाकटा सुरतला. दोघांच्या सुट्ट्या जुळवायच्या. मी म्हटलं, टोकन म्हणून दहा हजार देते, बाकीचे आरसी झाल्यावर. तोवर भंगारवाला रोकडा घेऊन दर आठवड्याला चक्कर मारतच होता. आजींनी गाडी त्याला दिली असती तर मी काही म्हणू शकले नसते. त्यांना पैशांची गरज होती, डोळ्याचं ऑपरेशन राहिलं होतं. थांबायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं होतं.

आजी म्हणाल्या, ‘‘त्यो तोडणार हाय तिला. तू चालवणार हायस. थांबते मी.’’

दोन महिन्यांनी आजींच्या नावाचं आरसीचं स्मार्ट कार्ड आलं. मी आणि चाचा ते घेऊन गेलो. आजींना वाचता येतं. त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ धरून नाव एकदा वाचलं, मग मोठ्यानं वाचलं. ‘‘घर ह्यांच्या नावावर, रान पोरांच्या नावावर. माझ्या नावावर आजवर रेशनकार्ड सोडून काय नव्हतं बघ.’’ मग हसून म्हणाल्या, ‘‘आता मी जीपची मालकीण. तुला द्यावी का नगं, इचार करते!’’

चाचांनी गुपचूप चहाचा कप खाली ठेवला. त्या खरंच नाही म्हणाल्या असत्या तर? तर तो त्यांचा हक्क होता. मी तसं सांगितलंही. आजींनी पंधरा दिवस मागितले. त्या पंधरा दिवसांत थोरल्यानं त्यांना त्याच जीपमधून निघोजच्या मळगंगेच्या दर्शनाला नेलं. पुढच्या सीटवर बसून, मालकिणीसारखं! सोळाव्या दिवशी फोन आला, ‘‘ये पोरी, सह्या करू.’’

हिशेब मांडा

जीपची किंमत ही फक्त एन्ट्री फी असते. माझे दोन चाळीसला गाडी, वर सव्वा लाख काम. टायर, ब्रेक, क्लच प्लेट, वायरिंग, हूड आणि रंग. रंग आरसीवर आहे तोच ठेवला. चार लाखांत पस्तीस हजार उरले, ते मी वेगळे ठेवलेत. जुन्या गाडीचा इमर्जन्सी फंड हवाच.

सरकारी खर्चही लक्षात ठेवा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. त्याची फी २०२२ मध्ये मोटारींसाठी ६०० वरून ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना १०,००० केली गेली. वर राज्याचा पर्यावरण कर. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना एचएसआरपी नंबरप्लेट बंधनकारक. गाडीवर कधी कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन बोजा उतरवल्याची खात्री करा. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण फॉर्म २८ ची एनओसी, इथला कर आणि नव्यानं नंबर हे सगळं जोडलं की स्वस्ताई संपते. दिल्लीकडची दहा वर्षांपुढची डिझेल गाडी घेताना तर दोनदा विचार करा. सौदा झाल्यावर विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. फॉर्म २९ ची एक प्रत विकणाऱ्यानंही जपून ठेवावी. गाडी नावावरून उतरेपर्यंत तिचे चलान त्याच्याच नावावर फाटतात.

मग, घ्यायची का?

रोज हिंजवडी गाठायची असेल तर अजिबात नको. एमएम ५४० ची ताकद ६२ हॉर्सपॉवर, म्हणजे मस्टँगच्या सहाव्या हिश्श्याएवढी. सत्तरच्या पुढं गेलात तर शेजारच्याशी बोलायला फोन करावा लागतो. पुणे-नगर हायवेवर टेम्पोसुद्धा हॉर्न मारून पुढं जातात. उन्हाळ्यात भाजून निघता, पावसाळ्यात डावा गुडघा हमखास भिजतो. पाठीचं दुखणं आधीच असेल तर पाट्यांची सवारी तुमच्यासाठी नाही.

पण शनिवारी पहाटे निघा, अकोले मागं टाका आणि भंडारदऱ्याच्या कडेकडेनं रतनवाडीकडे वळा. पावसानं रस्ता वाहून गेलेला असतो, एसयूव्हीवाले खाली उतरून आपापला बंपर बघत उभे असतात. तुम्ही छोटा लिव्हर लोमध्ये टाकता आणि बासष्टच्या बासष्ट घोडे एका लयीत चढायला लागतात. मागून कुणीतरी ओरडतं, ‘‘ओ ताई, कितीला घेतली?’’

हा प्रश्न ऐकायची सवय करून घ्या, तो प्रत्येक सिग्नलला येतो. मी किंमत सांगते आणि पुढं चाचांचा मंत्रही सांगते. आधी आरसी, मग चेसिस, मग इंजिन आणि सगळ्यात शेवटी रंग. आपण नेमकं उलट्या क्रमानं बघतो, म्हणून विकणाऱ्यांचं फावतं.

परवा फोन केला तेव्हा आजींचं एका डोळ्याचं ऑपरेशन छान झालं होतं. ट्रान्सफरला कार्ड जमा करायच्या आधी त्यांनी त्याची रंगीत झेरॉक्स काढून घेतली होती. ती आता फ्रेम करून ओसरीवर लावलीय, फौजी आजोबांच्या फोटोशेजारी. दुसरा डोळा दिवाळीनंतर. दवाखान्यात न्यायला जीप आणायची, असं त्यांनी मला बजावलंय. विनंती नाही हं, ऑर्डर!